आई ट्रॉलीवरून उतरल्या नाहीत

ही हकिगत मी ओळखीच्या बायकांना दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा त्यांनी ऐकता ऐकताच तिच्यावर साखर पेरली. ‘नशीबवान गं तू, सासू असावी तर अशी.’ ‘सासू कसली, आईच म्हण.’ मी तेव्हा चहाचा कप तोंडाला लावून गप्प बसले. आता लिहायलाच बसले आहे तर सरळ सांगते. माझ्या सासूबाई आणि मी मायलेकी नव्हतो, आजही नाही. आमच्यात अठरा वर्षांची भांडणं आहेत. फोडणीत हिंग आधी की मोहरी इथपासून ते एका अशा वाक्यापर्यंत, जे त्या मला मूल होत नव्हतं त्या दिवसांत बोलल्या होत्या आणि जे मी इथे लिहिणार नाही. तरी त्या माझ्याकडे राहिल्या. का राहिल्या ते कळायला त्या जून महिन्यातली एक संध्याकाळ सांगावी लागेल.

घटस्फोट झाला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. इथलं, अमेरिकेतलं, हर्नडनमधलं टाउनहाउस विकलं. नवरा (आता नवरा नाही, पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही) टेक्सासला, अर्विंगला गेला. नवी नोकरी, नवं घर आणि थोड्याच दिवसांत नवी बायको. जाताना मला म्हणाला, “आईला दोन महिने तुझ्याकडे राहू दे. मी जरा सेटल झालो की नेतो.” आई आतल्या खोलीत होत्या. दार उघडं होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्याने नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मी “बरं” म्हटलं, कारण त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

त्या दोन महिन्यांचे चौदा महिने झाले.

मधल्या काळात मी हर्नडनपासून तासाभरावर, पश्चिमेला, एका शेतावरचं छोटं घर भाड्याने घेतलं. ऑफिसला आठवड्यातून दोनदाच जावं लागायचं. ओळखीतले सगळे माझ्यावर तुटून पडले. दोन बायका, त्यातली एक म्हातारी, रानात राहणार? साप असतात तिकडे. लोकांकडे बंदुका असतात. कोथिंबीर कुठून आणशील? मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भाडेकरारावर सही केली. ज्या कॉलनीत माझ्या लग्नाची प्रत्येक भिंतीला खबर होती, तिथे मला एक दिवसही जास्त राहायचं नव्हतं.

घरमालकीण चौऱ्याहत्तर वर्षांची विधवा. उंच, सडपातळ, एका कानाने कमी ऐकणारी. घोड्यांसाठी लागणारं गवत पिकवून विकायची. तिची दोन मुलं मोठ्या शहरांत होती आणि दर सणाला येऊन ‘जमीन विकून टाक’ म्हणायची. आजूबाजूच्या कितीतरी शेतांवर डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिच्याकडेही सूटबूट घातलेली माणसं यायची. ती त्यांना ओसरीवर बसवून लिंबाचं सरबत द्यायची आणि ग्लास रिकामा झाला की गाडीपर्यंत पोचवायला जायची. मी ज्या कंपनीत काम करते तिचं सगळं पोट त्या इमारतींवरच चालतं. हे मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. ती म्हणाली, “ठीक आहे. तू फक्त माझ्या गवतावरून गाडी घालू नकोस.”

आई तिला पाठीमागे ‘म्हातारी’ म्हणायच्या. स्वतः त्या वेळी एकाहत्तरच्या होत्या.

आईंचं माहेर सोलापूरकडचं, ज्वारीचं. लग्नानंतर बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्या, सासरे गेले, मग मुलाने इकडे आणलं. हर्नडनमध्ये त्या खिडकीजवळ बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायच्या. इथे आल्यावर खिडकीतून गवत दिसायला लागलं आणि त्यांची जीभ सुटली. पहिल्या कापणीला त्या काचेला नाक लावून बसल्या होत्या. “बघ, बघ कसं टाकलंय. अगं, कडबा असा रचला तर पहिल्या वाऱ्याला गंजी आडवी होईल!” मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायचे, “आई, हा कडबा नाही, गवत आहे.” त्या म्हणायच्या, “जनावराच्या तोंडी जातं ना? मग झालं.”

आणि मग जूनमध्ये त्याचा फोन आला. नव्या बायकोला सप्टेंबरमध्ये बाळ होणार होतं. शनिवारी दुपारी येतो, आईचं तिकीट काढलंय, त्याच रात्रीच्या विमानाने दोघं परत जातो, असं एका दमात सांगून त्याने फोन आईंकडे द्यायला सांगितला. आई ऐकत राहिल्या. “बरं” म्हणाल्या नाहीत, “नाही” म्हणाल्या नाहीत. “जेवायला काय करू?” एवढंच विचारलं.

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी बॅग काढली नाही. मी काढली नाही, कारण ती माझी बॅग नव्हती. त्यांनी का काढली नाही ते मी विचारलं नाही. बाळाची बातमी ऐकल्यापासून त्या माझ्याकडे अधूनमधून अशा बघत होत्या की आता काही बोलतील. बोलल्या असत्या तर मी उठून गेले असते.

शनिवारी तो दीडच्या सुमाराला आला. भाड्याची गाडी, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. जेवला. घराकडे बघून म्हणाला, “छान आहे, पण आयसोलेटेड आहे यार.” मग बॅग कुठाय विचारलं. आई म्हणाल्या, “भरू की. घाई काय आहे?” सहाला निघायचं होतं. त्याने माळ्यावरून स्वतःच बॅग उतरवली आणि पलंगावर उघडून ठेवली.

बाहेर तीन दिवसांपूर्वी कापलेलं गवत वाळून तयार होतं. घरमालकीण दुपारपासून बेलर फिरवत होती. ते यंत्र गवताच्या ओळी उचलून त्यांचे सुतळीने बांधलेले चौकोनी गठ्ठे करून मागे टाकत जातं. शेतभर गठ्ठे पडले होते. ते ट्रॉलीवर चढवून छपराखाली नेणं बाकी होतं. वाळलेलं गवत भिजलं की बुरशी धरतं, मग घोड्यांना देता येत नाही.

चार वाजता ती आमच्या दारात आली. टोपी हातात, मानेवर गवताची कुसळं चिकटलेली. वादळ उद्या दुपारी येणार होतं ते आज संध्याकाळीच येतंय, असं हवामानवाले सांगत होते. तिची नेहमीची दोन माणसं दुसऱ्या शेतांवर अडकली होती, कारण आज प्रत्येकाचंच गवत जमिनीवर होतं. “मला हात हवेत,” ती मला म्हणाली. तिने आजवर माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं.

मी म्हटलं, “येते.”

मागून आवाज आला, “मीही येते.”

तो सोफ्यावरून उठला. “आई, काहीतरीच काय! तुझा गुडघा बघ. आणि दोन तासांत निघायचंय आपल्याला.”

“दोन तास आहेत ना?” आई म्हणाल्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, पायात बूट चढवले आणि दारामागे टांगलेला पूर्ण बाह्यांचा निळा शर्ट साडीवरून घातला. तो त्याचाच होता, घर सोडताना राहिलेला. मी तो बागकामाला वापरायचे. त्याने तो ओळखला.

काम असं होतं: घरमालकीण ट्रॅक्टर हळूहळू चालवणार, मागे ट्रॉली, मी बाजूने चालत गठ्ठे उचलून ट्रॉलीवर टाकणार आणि वर उभं राहून कुणीतरी ते रचणार. वर आई चढल्या. कशा चढल्या ते मी पाहिलं. आधी ढोपर, मग दोन्ही हात, मग तोंडातून एक शिवी. शिक्षिकेच्या तोंडात शोभणार नाही अशी ती होती.

घरमालकीण मला म्हणाली, “तिला फक्त बसू दे. पडली तर मी काय करू?”

मी भाषांतर केलं नाही. पण आईंना कळलं असावं. पहिला गठ्ठा मी वर टाकला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. सुतळीला हात घातला, मांडीने रेटला आणि ओढत कडेला नेऊन आडवा लावला. दुसरा त्याच्याशी काटकोनात. पहिला थर झाला, आणि दुसरा थर त्यांनी असा घेतला की खालच्या प्रत्येक सांध्यावर वरचा गठ्ठा बसला, विटांच्या भिंतीसारखा. घरमालकिणीने ट्रॅक्टर थांबवून मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा गिअर टाकला आणि त्यानंतर संपूर्ण संध्याकाळभर एकदाही मागे वळली नाही.

ऊन अजून होतं, पण पश्चिमेला डोंगराच्या वर ढगांची काळी पट्टी होती. हवा हलत नव्हती. एकेक गठ्ठा वीसेक किलोचा. पहिले वीस मी दातओठ खाऊन उचलले, पुढचे वीस रागाने. कोणावरचा राग ते मी निवडत बसले नाही. जो आठवेल त्याला एक गठ्ठा. ‘अॅडजस्ट कर’ म्हणणाऱ्या माझ्या बहिणीला एक. डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या त्या सगळ्या सकाळींना दहा. मनगटं सोलवटली, गवताची धूळ नाकात गेली. आणि मला खूप, खूप बरं वाटत होतं.

तो पाच वाजता शेताच्या कडेला आला. हातात गाडीची किल्ली. आधी हाका मारल्या, मग चालत माझ्याजवळ आला.

“तू तिला भडकवलंस.”

“मी?”

“तुला तिला पाठवायचं नाहीये. स्पष्ट बोल ना. इथे तिला कोण आहे? उद्या काही झालं तर तू कोण लागतेस तिची?”

माझ्या हातात गठ्ठा होता. तो खाली न ठेवता मी म्हटलं, “चौदा महिने हे विचारलं नाहीस. बाळ येणार म्हटल्यावर विचारतोस?”

“म्हणजे मला आईची काळजी नाही?”

असेल. मला वाटतं, होती. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त असं वाटतं की त्याने ठरवलं म्हणजे सगळ्यांनी ठरवलं. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण ट्रॉलीवरून आईंचा आवाज आला. त्यांनी पाढे म्हणवून घ्यायचा आवाज काढला होता.

“बत्तीस वर्षं मी पोरांना एक गोष्ट शिकवली,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. तू मला विचारलंस?”

“आई, तिकीट काढून मगच फोन केला ना मी!”

“तेच म्हणतेय. आधी तिकीट, मग फोन.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि तू हसू नकोस. तूही विचारलं नाहीस. तेव्हा ‘बरं’ म्हणालीस. मी ऐकलं होतं.”

मी हसत नव्हते. पण मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

त्याने घड्याळाकडे, शेताकडे आणि ढगाकडे पाहिलं. सोळा वर्षं मी त्याची बायको होते. त्याच्या डोक्यात गणित कसं चालतं ते मला चेहऱ्यावर दिसतं. हे काम लवकर संपलं तर आई लवकर उतरेल. त्याने किल्ली खिशात टाकली, बाह्या सरसावल्या आणि पहिला गठ्ठा उचलला.

एक मात्र कबूल करते, त्याने जीव तोडून काम केलं. मला जे गठ्ठे चौथ्या थरावर पोचवता येत नव्हते ते त्याने डोक्यावरून फेकले. आई वरून ओरडत होत्या, “डावीकडे! अरे, डावं कुठलं ते विसरलास का?” पहिली ट्रॉली भरून छपराखाली गेली, मग दुसरी भरली. घरमालकिणीने त्याला पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “हा कोण?” मी म्हटलं, “तिचा मुलगा.” तिने मान डोलावली. तिला तेवढंच पुरेसं होतं.

सहाला दहा मिनिटं कमी होती तेव्हा दूरवर गडगडलं. तिसरी, रिकामी ट्रॉली शेतात आली आणि आई घरमालकिणीचा खांदा धरून वर चढल्या.

“आई, बास आता,” तो खालून म्हणाला. त्याच्या शर्टाची वाट लागली होती, बुटांवर हिरवट धूळ. “निघायला हवं. प्लीज.”

“निम्मं शेत पडलंय.”

“ते आपलं शेत नाहीये!”

“मग कुठलं आपलं आहे ते सांग,” आई म्हणाल्या. “गावाकडचं तुझ्या काकांनी घेतलं. हर्नडनचं घर तुम्ही विकलंत. अर्विंगचं तुझ्या बायकोचं. इथे काम निघालं आणि मी ते धरलं. हातात घेतलेलं काम असं उघड्यावर टाकून मी येणार नाही. आजही नाही आणि उद्याही नाही. तू जा.”

“आणि बाळ?”

इथे त्या थांबल्या. मी खाली बघत होते. माझ्या पायाजवळ एक टोळ गठ्ठ्यावरून गठ्ठ्यावर उड्या मारत होता.

“बाळाला बघायला येईन,” त्या म्हणाल्या. “माझं तिकीट मी काढून येईन. काजळ-वेखंड घेऊन येईन, तीन आठवडे राहीन आणि परत येईन. तुझ्या बायकोला हवं असेल तरच हं. तिलाही विचार. बाळ सांभाळायला म्हणून मला कुणी उचलून नेऊ नका. मी एकदा संसार केलाय, एक मूल वाढवलंय. ते कसं वाढलं ते समोर उभं आहे. बरं वाढलंय. पण पुरे.”

 वारा सुटला होता, पहिला, गार. त्याने ट्रॉलीजवळ येऊन हात पुढे केले. मला क्षणभर वाटलं की तो त्यांना ओढून खाली घेतो आहे आणि मी दोन पावलं पुढे गेले. तो पाया पडत होता. ट्रॉली उंच असल्यामुळे आईंचे बूट त्याच्या छातीपाशी येत होते. त्याने त्या धुळीने भरलेल्या बुटांना हात लावला. आईंनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्याने वाकू दिलं नाही, म्हणून त्यांनी नुसता हात खाली सोडला. तो त्याच्या केसांपर्यंत पोचला.

“पोचलास की फोन कर,” त्या म्हणाल्या. “आणि पुन्हा येशील तेव्हा भेटायला ये. न्यायला नको.”

सव्वासहाला त्याची गाडी फाटकातून बाहेर पडली. आईंनी ती वळणापर्यंत पाहिली. मग माझ्यावर खेकसल्या, “तू काय बघत बसलीस? टाक वर!”

पुढचा दीड तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. घरमालकीण ट्रॅक्टर सोडून खाली उतरली आणि माझ्यासोबत उचलायला लागली. चौथा थर आम्हा दोघींना जमेना, तेव्हा तीनच थर ठेवायचं ठरलं. ते आईंनी वरून ठरवलं, घरमालकिणीने खालून, एकाच वेळी, दोन भाषांत. काजवे चमकायला लागले, इतक्या उजेडात चमकणारे मी पहिल्यांदाच पाहिले. मग टपोरे थेंब आले. घरमालकिणीने आईंना ट्रॉलीवरच बसवलं आणि ट्रॅक्टर असा पळवला की मी मागून धावताना जीव मुठीत धरला होता. ट्रॉली छपराखाली शिरली आणि मागून पावसाची भिंत आली.

शेतात तीसेक गठ्ठे राहिले. आम्ही तिघी दारात उभं राहून ते भिजताना पाहिले. घरमालकीण म्हणाली, “जाऊ दे. सगळं कधीच येत नाही.” आई म्हणाल्या, “मी आधी रचायला आले असते तर आलं असतं.” मी हे भाषांतर करून सांगितलं. घरमालकीण इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आईंचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते, तशी ओरडले. हेच, हेच तो सांगत होता, वगैरे. त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून शांतपणे म्हणाल्या, “दुखतोय माझा गुडघा. तू का बोंबलतेस?” दवाखान्यात फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ असा रकाना होता. माझं पेन तिथे थांबलं. सून लिहू? ती मी कायद्याने नव्हते. मैत्रीण? ती तर कधीच नव्हते. काउंटरवरच्या मुलीने आमची दोन वेगवेगळी आडनावं वाचली आणि विचारलं, “तुम्ही कुटुंबातल्या आहात का?” मी तोंड उघडायच्या आत आईंनी त्यांच्या शाळेतल्या, सगळ्या क्रियापदांसकट पूर्ण वाक्याच्या इंग्रजीत उत्तर दिलं: “ती माझ्या घरात राहते.”

माझ्या घरात. भाडं मी भरत होते. पण फॉर्मवर मी ‘कुटुंब’ असं लिहिलं आणि सही केली.

ऑक्टोबरमध्ये त्या अर्विंगला गेल्या, स्वतःच्या पेन्शनमधून तिकीट काढून. तीन आठवडे राहिल्या. परत आल्या तेव्हा फोनमध्ये बाळाचे फोटो होते. त्यांनी ते मला दाखवले नाहीत. फोन टेबलावर उघडा ठेवून त्या अंघोळीला गेल्या. मी बघितले. मुलगी आहे. कपाळ त्याचं आहे. रडू आलं, ते मी येऊ दिलं, आणि मग कणीक मळायला घेतली.

बायका अजून विचारतात, किती दिवस असं चालणार? मी म्हणते, त्यांना विचारा. आजवर एकीनेही जाऊन विचारलेलं नाही. काल संध्याकाळी शेतात पुन्हा गवत कापलं. घरमालकीण परवा सकाळी आमच्या दारात आली होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. आईंना विचारलं, “शनिवारी मोकळी आहेस का?” आईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, बोटाने तारखा मोजल्या, पुरेसा वेळ घेतला आणि म्हणाल्या, “बघते. कळवते.”